नवव्या खोलीची ओळ

फ्रिजमधला बर्फ वितळवायला ठेवला होता. खाली पसरलेल्या फडक्यावर पाणी टपटपत होतं आणि मी कप्प्याच्या कडेला चिकटलेला एक तुकडा बोटांनी सोडवत होते, तेवढ्यात भाचीचा फोन आला. सकाळचे दहा वाजले असतील. बोटं इतकी गारठलेली की फोनवरची हिरवी खूण दोनदा निसटली. "मावशी, तपासनीस झोपला म्हणजे काय गं?" तिनं एकदमच विचारलं. ना कशी आहेस, ना काय करतेस. माझ्या हातात बर्फाचा तुकडा तसाच राहिला. ते वाक्य माझं होतं. एकतीस वर्षांपूर्वी मी ते रोमन अक्षरांत टाईप केलं होतं, कारण तेव्हाच्या मशीनला आपली अक्षरं येत नव्हती. तेव्हापासून ते कुणी माझ्यासमोर मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते कधी कुणाला दिसू नये म्हणूनच लिहिलं होतं. "तुला कुठं दिसलं ते?" मी विचारलं. "कुठं म्हणजे? ऑफिसात. सकाळपासून सगळं लाल झालंय. पहिलीच चाचणी पडतेय आणि पुढचं काही सुरूच होत नाही. शेवटी ती स्क्रिप्ट उघडली, तर वर तुझी आद्याक्षरं. म्हटलं योगायोग असेल. मग तारीख पाहिली, माझ्या जन्माच्या आधीची. मावशी, तुझं हे भूत अजून रोज सकाळी हजेरी घेतंय, तुला माहीत होतं?"

माहीत नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी पाच महिन्यांपूर्वी त्याच औषधांच्या गोदामात लागली, जिथं मी बावीस वर्षं काढली. तिला नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मी एवढंच विचारलं होतं की खिडकीशेजारची जागा मिळाली का. आता गोदाम दुसऱ्या इमारतीत आहे, थंड खोल्या चौदा झाल्यात, आणि संगणक विभागात म्हणे तीस माणसं बसतात. आम्ही दोघी होतो आणि एक पंखा. त्या पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून आम्ही जुनी, बंद पडलेली थर्मामीटरं वजन म्हणून ठेवायचो. मला वाटायचं की माझं तिथलं सगळं केव्हाच पुसलं गेलं असेल. खोल्या पाडल्या, मशीनं भंगारात गेली, माणसं निवृत्त झाली, काही गेलीच. आणि मी लिहिलेल्या चाळीसेक ओळी मात्र एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर, सामान हलवताना कुणीतरी न उघडताच खोकं गाडीत टाकावं तशा, पुढं जात राहिल्या. "कुणी हात लावत नाही त्याला," भाची म्हणाली, "सगळे म्हणतात चालतंय ना, चालू दे."

ते होतं तरी काय? शेल स्क्रिप्ट म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. ज्या आज्ञा आपण मशीनला एकेक करून देतो, त्या एका फाईलीत ओळीनं लिहून ठेवायच्या, की मशीन त्या आपणहून पाळतं. गोदामातल्या प्रत्येक थंड खोलीची एक ओळ असायची: खोलीचा नंबर, कमीत कमी किती अंश, जास्तीत जास्त किती अंश. या ओळींच्या फाईलीला आम्ही कॉन्फिग म्हणायचो. माझी स्क्रिप्ट ती फाईल ओळीओळीनं वाचायची, आकडे आहेत ना, लहान आकडा आधी आणि मोठा नंतर आहे ना, एवढं बघायची, आणि तपासलेल्या ओळी धोक्याच्या घंटेकडे पाठवायची. खोली दिलेल्या अंशांच्या बाहेर गेली की घंटा वाजे. सगळं नीट असलं की स्क्रिप्ट पडद्यावर एकच शब्द छापायची, 'ठीक'. किती ओळी वाचल्या ते नाही, कुठल्या वाचल्या ते नाही. नुसतं ठीक. मला तेव्हा थोडक्यात बोलणं हुशारीचं वाटायचं.

"आणि वाईट नावाच्या फोल्डरमध्ये एक फाईल आहे," भाची सांगत होती. ती फाईल मुद्दाम चुकीची ठेवलेली होती. रोज सकाळी मशीन आधी ती स्क्रिप्टला वाचायला देई. स्क्रिप्टनं तिला नापास केलं तरच पुढं जायचं. पास केलं तर समजायचं की तपासणाराच डुलक्या काढतोय, मग 'तपासनीस झोपला' असं छापून सगळं थांबवायचं. "मी काल ती उघडली गं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जास्तीची मोकळी जागा होती, तेवढी काढली. बस्स. आकडे होते तसेच आहेत. पण मी काय बदललं त्याच्या यादीत दिसतंय की शेवटची ओळ काढली आणि तीच परत घातली. मी तिला शिवलेसुद्धा नाही. वेडं झालंय ते. आणि आमचं घड्याळ टेबलापाशी येऊन उभं आहे." घड्याळ म्हणजे तिचे मॅनेजर. दर अर्ध्या तासानं येऊन किती वेळ लागेल असं विचारतात म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. "काय म्हणतायत?" "म्हणतायत, बारापर्यंत लेखी दे की फाईल तू बिघडवलीस. नोंदीपुरतंच म्हणे. पुढच्या आठवड्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार आणि यांना नोंदी सुचतायत." ती हसली, पण शेवटी आवाज जरा चिरला.

मी स्टुलावर बसले. शेवटची ओळ, काढली आणि तीच परत घातली. मला पडदा बघायची गरज नव्हती. आजकाल लिहायची साधनं सुबक झालीत, फाईल जपून ठेवताना शेवटी एन्टर नसेल तर ती आपणहून घालतात. डोळ्यांना काही दिसत नाही. ओळ तीच, आकडे तेच. फक्त तिच्यापुढं आता एक एन्टर आहे, जे एकतीस वर्षं नव्हतं. ते न दाबणाऱ्या माणसाचं बोट मला आत्ता त्या ओल्या फरशीवर दिसत होतं. उजव्या हाताची तर्जनी, नखाशी फुटलेली, थंडीनं कायमची लालसर.

त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. थंड खोल्या त्याच्या ताब्यात होत्या म्हणून, आणि चालण्याबोलण्यात कसली घाई नव्हती म्हणूनही. उन्हाळ्यात, सगळं गोदाम घामानं निथळत असताना, हा माणूस राखाडी स्वेटर घालून कॉरिडॉरमधून येई आणि त्याच्याबरोबर गारव्याचा एक पट्टा चालत येई. मी चाळिशीतली, तो पन्नाशी उलटलेला. मला बाई म्हणायचा. पहिल्यांदा त्यानं मला खोल्या दाखवल्या तेव्हा मी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघायला लागले, तर म्हणाला, "ते मागाहून बघायचं, बाई. आधी गालाला विचारायचं." आणि दार बोटभर उघडून त्यानं गाल फटीशी नेला. "चार," म्हणाला. थर्मामीटर चारच दाखवत होतं. मीही गाल लावून पाहिला. मला नुसतं गार लागलं. तो हसला नाही. "येईल," म्हणाला, जसं काही मला सायकल शिकवत होता. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरी फ्रिज उघडला की आधी गाल पुढं करायची, आणि हे विचारायचे, काय वास घेतेस का.

नववी खोली नवीन बांधली तेव्हा फाईलीत तिची ओळ घालायची होती. आठ ओळी माझ्या हातच्या होत्या. मी त्याला खुर्ची दिली आणि म्हटलं, तुमची खोली, तुम्हीच लिहा. त्यानं आधी हात पुसले. एकेक अक्षर शोधून, तर्जनीनं, नऊ, मग दोन, मग आठ. लहान मुलांच्या लशी यायच्या होत्या, त्यांना दोन ते आठ अंश लागतात. आठ दाबून झाल्यावर त्यानं हात एकदम वर उचलला, तापल्या भांड्यावरून उचलावा तसा. मी हसले तर म्हणाला, "संपलं की हात उचलायचा. आमच्या वडलांनी शिकवलंय. ठेवून दिला की बोट काहीतरी आगाऊपणा करतंच." मी फाईल जपून ठेवली, स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर आलं, ठीक. आम्ही दोघांनी चहा घेतला. त्या चहाची चव मला आजही आठवते, आलं जरा जास्त झालं होतं. माणसाच्या डोक्यात काय काय उरतं.

तीन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी नवव्या खोलीचं यंत्र बंद पडलं. घंटा वाजली नाही. सोमवारी सकाळी थंडोबानं दार बोटभर उघडलं, गाल लावला आणि तसाच उभा राहिला. मी कॉरिडॉरमध्येच होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, गाल काही बोलत नाही." लशींचा सगळा साठा नष्ट करावा लागला. एकाही मुलापर्यंत त्यातली बाटली पोचली नाही, एवढं नशीब. पण चौकशी लागली, गुरुवारी.

त्या सोमवारीच दुपारी, शेजारच्या टेबलावरची सहकारीण जेवायला गेल्यावर, मी तीन ओळींची एक फाईल केली. शेवटच्या ओळीनंतर एन्टर न दाबता. माझ्या स्क्रिप्टला ती वाचायला दिली आणि वाचलेल्या ओळी छापायला सांगितल्या. दोनच छापल्या. परत केलं. दोनच. ओळी वाचणारा जो लूप, म्हणजे एकच काम ओळीमागून ओळ करत राहणारा तुकडा, मी लिहिला होता, त्याला ओळ संपली हे फक्त एन्टर आल्यावर कळायचं. एन्टर आलं नाही तर ती ओळ हातात घेऊनही तो खाली ठेवून द्यायचा आणि म्हणायचा, ठीक. माझ्या आठ ओळींच्या शेवटी सवयीनं एन्टर होतं, म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही. दोष लिहिणाऱ्याचा नव्हताच, वाचणाऱ्याचा होता. लूपमध्ये अर्धी ओळ वाढवली असती तर काम झालं असतं. मला सोमवारी दुपारी, दोन वाजायच्या आत, हे सगळं स्वच्छ समजलं होतं, आणि चौकशी गुरुवारी होती. मधले तीन दिवस मी काय केलं ते आठवायचा प्रयत्न केला की मला फक्त टेबलावरची बंद थर्मामीटरं दिसतात. मी ती एका रांगेत लावत होते.

गुरुवारी समितीतल्या एकानं विचारलं, "नववी ओळ का वाचली गेली नाही?" मी म्हटलं, "फाईलमध्ये दोष होता. शेवटी एन्टर नव्हतं." एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मग मी त्यांना सुधारलेली स्क्रिप्ट दाखवली. लूपला मी हात लावला नव्हता, कारण लावला असता तर कुणीतरी विचारलं असतं, हा का बदलला. त्याऐवजी वर एक नवी तपासणी घातली होती: शेवटी एन्टर नसेल तर फाईल नापास. थंडोबाची फाईल दिली, स्क्रिप्टनं ती फेकून दिली. माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, ही फाईल नमुना म्हणून ठेवा, रोज सकाळी तपासा. म्हणून मी वाईट नावाचं फोल्डर केलं आणि त्याची फाईल त्यात ठेवली. नव्या तपासणीच्या वर टीप लिहिली: फाईल करणाऱ्याची चूक. थंडोबा दाराशी उभा होता, स्वेटरची बाही ओढत. त्याला रिकाम्या खोक्यांच्या विभागात हलवलं. तिथं गालाला विचारण्यासारखं काही नव्हतं.

तो चिडला असता तर मी सुटले असते. आठवड्यानं तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, ते एन्टर कुठं दाबायचं ते एकदा दाखवता का? म्हणजे परत नको." मी दाखवलं. त्यानं माझ्यासमोर पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. पुढची चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, रिकाम्या खोक्यांच्या त्याच्या याद्या यायच्या, त्यात मजकूर अर्धं पान आणि खाली अर्धं पान कोरं. खात्री म्हणून दाबत राहायचा. विभागात हसायचे, थंडोबाचा बर्फ पडला बघा म्हणायचे. मी त्या याद्या गुपचूप फाईलला लावायचे.

निवृत्तीनंतर एकदाच दिसला, बसथांब्यावर. मी ओळखलंच नाही, अंगात स्वेटर नव्हता ना. त्यानंच हाक मारली. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "माझी ती फाईल ठेवलीय का अजून?" मी म्हटलं, आहे. "कशाला ठेवलीत?" "उपयोगी पडते." त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी समाधानच म्हणेन. "मग बरं," म्हणाला, "काहीतरी कामाला आलं." बस आली. मला तीच बस धरायची होती, पण पुढची धरली. दोन वर्षांनी तो गेल्याचं कुणाकडून तरी कळलं.

"मावशी, ऐकतेस ना?" "ऐकतेय. एक काम कर. त्या वाईट फाईलच्या शेवटी जा. शेवटच्या आठाच्या पुढं एन्टर आलंय, ते काढ. तुझं ते साधन परत घालायला बघेल, त्याला सांग या फाईलला शिवायचं नाही." कळा दाबल्याचा आवाज. फडक्यावर पाणी पडत होतं. मी थेंब मोजायला लागले, अकरा झाले. "हिरवं," भाची हळूच म्हणाली, आणि मग मोठ्यानं, "मावशी, हिरवं झालं. घड्याळाला सांगते. अगं तू आहेस कोण नक्की?" आता फोन ठेवला असता तर सगळं पुन्हा होतं तिथं गेलं असतं. मी थकले होते, बोटं बधिर होती, आणि बर्फही अजून निम्मा निघायचा होता. असं करायला काहीच हरकत नव्हती. एकतीस वर्षं नव्हती.

"पण काय गं," भाची हसत होती, "एका एन्टरसाठी एवढं? वर लिहिलंय, फाईल करणाऱ्याची चूक. कोण होता हा बावळट?"

मी तुकडा सिंकमध्ये टाकला. हात पदराला पुसले. "बावळट नव्हता," मी म्हटलं. "तू ते लेखी दिलंस का?" "अजून नाही. लिहून ठेवलंय. चूक माझी, मी फाईल बिघडवली, वगैरे. आता हिरवं झालं तरी मागतीलच ते, नोंदीपुरतं." "खोड ते. आणि मी सांगते ते ऐक, मधे बोलू नकोस." मग मी सांगितलं. बर्फासारखं सुटं सुटं, आधी नववी खोली, मग सोमवारची दुपार, मग गुरुवार. तिच्यामागे कुणीतरी खुर्ची सरकवली, कुठंतरी फोन वाजून थांबला. मी सांगून थांबले. मला वाटलं की आता ही मला मावशी म्हणून हाक मारणार नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो लूप अजून तसाच आहे?" "तसाच." "आणि ती वरची तपासणी कुणी काढली असती तर परत शेवटची खोली..." "हो." "मावशी," ती म्हणाली. "मग आधी तो लूप नीट करूया."

आम्ही केला. मी अर्धी ओळ सांगितली, तिनं टाईप केली. हातात ओळ उरली असेल तर तीही वाच, इतकंच. एकतीस वर्षं ती अर्धी ओळ मला तोंडपाठ होती. वरची तपासणी काढली, टीप काढली. "आता ही फाईल पास होईल," भाची म्हणाली, "मग वाईटमध्ये काय ठेवायचं?" "माझा जुना लूप ठेव, जसाच्या तसा. रोज सकाळी त्याला ही फाईल वाचायला दे आणि तो आठच वाचतो, नापास होतो हे बघ. आद्याक्षरं नकोत, माझं पूर्ण नाव घाल. आणि ही फाईल तिथून काढून, ज्या पास व्हायलाच हव्यात त्या चांगल्या फाईलींत ने." "आणि घड्याळाला काय देऊ?" "मी सांगते ते लिही: चूक वाचणाऱ्याची होती, लिहिणाऱ्याची नव्हती. खाली माझं नाव, माझा फोन. त्यांना म्हणावं, किती वेळ लागेल विचारायचं असेल तर मला विचारा." ती हसली नाही, पण श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "चालवते हं," म्हणाली. "ठीक नुसतं नको छापू," मी घाईनं म्हटलं, "ओळी छाप. आणि मला वाच."

ती वाचायला लागली. खोली एक, दोन, आठ. खोली दोन, पंधरा, पंचवीस. माझे आकडे, माझ्या हातचे, तिच्या तरुण आवाजात. मी फ्रिजचं दार धरून उभी होते. खोली सात. खोली आठ. तिथं ती अडखळली, घड्याळानं काहीतरी विचारलं असावं, तिनं एक मिनिट म्हटलं त्याला. मी वाट पाहिली. "खोली नऊ," ती म्हणाली, "दोन, आठ. नऊच्या नऊ, मावशी." मी उघड्या कप्प्याकडे गाल नेला. बर्फ जवळजवळ गेला होता, पण गारवा अजून होता. सात असावेत.

"आता ही फाईल चांगल्यांमध्ये ठेवतेय," ती म्हणाली. "जशी आहे तशी ठेवू? शेवटी एन्टर नाहीये हिच्या. घालू का?"

"आता अडतं का त्याच्यावाचून?"

"नाही अडत."

"मग नको घालूस," मी म्हटलं. "संपलं की हात उचल."